मोरीचीं दोन तोंडें

किल्ले कोणीं बांधले, तह कोणीं केले आणि कोणीं मोडले, सनदा कोणास मिळाल्या, याचा शोध घेण्यांत आमच्या इतिहाससंशोधकांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या, आणि त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु ज्या घरांत त्या सनदा जपून ठेवल्या गेल्या त्या घरांत सकाळची पहिली घागर कोणीं आणली, ती कोठें ओतली गेली आणि भांडीं घासून झाल्यावर तें पाणी कोठें गेलें, हा प्रश्न इतिहासाच्या दिवाणखान्यांत अद्याप मागच्या दारानेंच येतो. चूल आणि मोरी हीं घराचीं दोन मर्मस्थानें. चुलीविषयीं थोडेंबहुत लिहिलें जातें, कारण तिच्यावर अन्न शिजतें. मोरीविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं, कारण तिच्यांतून जें जातें तें सांडपाणी. हा शब्दच पाहावा. सांडलेलें, टाकून दिलेलें पाणी! जें टाकलें त्याचा इतिहास कोण लिहिणार?

हा विषय आज हातीं घेण्यास एक निमित्त आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वभागांत, आणि विशेषतः आटपाडीच्या आसपास, सिमेंटचीं नवीं घरें उभीं राहत आहेत. घरांत गॅसची शेगडी असते, ओटा असतो. तरीही मागील अंगास पत्र्याच्या छपराखालीं एक चूल राखलेली पुष्कळ ठिकाणीं आढळते. बाजरीची भाकरी, सणाचें पुरण, पाहुण्यारावळ्यांचा मोठा स्वयंपाक आणि अंघोळीचें पाणी हीं कामें त्या चुलीवर होतात. आतां या बाहेरच्या स्वयंपाकाच्या जागेस नळ जोडून भांडीं धुण्याचें सिंक बसविण्याची प्रथा पडूं लागली आहे. गवंड्याच्या दृष्टीनें हें दोन दिवसांचें काम. आमच्या मतें मात्र माणदेशाचा शेंदीडशें वर्षांचा इतिहास या दोन दिवसांच्या कामांत येऊन ठेपला आहे.

सिंक म्हणजे तरी काय? आपली जुनी मोरीच. जमिनीवरून उठून कमरेइतक्या उंचीवर चढलेली. मोरी कोठेंही असो, तिला दोन तोंडें असतात. एकांतून पाणी येतें, दुसऱ्यांतून जातें. येणाऱ्या पाण्याचा इतिहास आपणांपाशीं भरपूर आहे. तळीं, बारवा, धरणें, कालवे, आणि ते बांधणारांचीं नांवें! जाणाऱ्या पाण्याचें पान मात्र कोरें आहे. जेथें पाणी मुबलक तेथें हें चालून जातें. आटपाडीसारख्या ठिकाणीं तसें चालत नव्हतें आणि आजही चालूं नये, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम जुनें घर डोळ्यांसमोर आणूं. माणदेश हा पर्जन्यछायेंतला प्रदेश आहे. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून सरळ रेषेंत सुमारें नव्वद मैलांवर असलेल्या आटपाडीच्या वांट्यास वीस इंचांच्या आंतबाहेरच येतो, आणि तोही नेमानें येईल याची शाश्वती नाहीं. माण नदी, जिला लोक आदरानें माणगंगा म्हणतात, ती वर्षाचे कित्येक महिने वाळूची नदी असते. अशा प्रदेशांत उतरत्या छपराची गरज नव्हती. मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, वर लांकडें टाकून त्यांवर पांढऱ्या मातीचा थर दिलेलें धाबें, असें घर उन्हाळ्यांत गार राही व थोडक्या पावसास पुरे पडे. परंतु अशा घराचा खरा वैरी कोण? तर भिंतीच्या पायथ्याशीं मुरणारें पाणी. आढ्यावर पडणाऱ्या पावसापेक्षां रोज सकाळसंध्याकाळ भांड्यांचें पाणी पायांत मुरूं लागलें तर मातीची भिंत लौकर खचते. म्हणून भांडीं घासण्याची जागा घराबाहेर, परड्यांत. पावसाळ्यांत व थंडींत चूल आंत असे. उन्हाचा ताव वाढला म्हणजे तीही अंगणांत येई. परदेशी मासिकांतील चित्रें पाहून अंगणांतल्या स्वयंपाकघरास जे लोक नवलाई समजतात त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, आपल्याकडे नवलाई होती ती चार भिंतींच्या आंतील स्वयंपाकघराची.

परड्यांतील ती मोरी म्हणजे एक सपाट धोंड, तिच्या तीन बाजूंस दगडांची किंवा चुन्याची बुटकी कड, आणि चौथ्या बाजूस उतार. शेजारीं रांजण, जवळ चुलींतल्या राखेचें खापर, काथ्याची किंवा गवताची शेंडी. पितळेच्या भांड्यांस चिंच, लोखंडी तव्यास माती, बाकीच्यांस राख. उताराच्या टोकास एक लहानशी चारी, आणि चारीच्या टोकास अळूचा वाफा, केळीचें एखादें बेट किंवा कर्दळीची रांग. ही झाडें तेथें शोभेसाठीं लावलेलीं नसत. मोरीचें दुसरें तोंड त्यांच्या मुळांत उघडे, आणि पाणी शोषून घेणें हें त्यांचें काम होतें.

किंबहुना मोरीपर्यंत पोंचण्यापूर्वींच पाण्याचे दोन-तीन उपयोग होऊन जात. डाळ, कण्या किंवा तांदूळ धुतलेलें धुवण गुरांच्या आंबोणांत पडे. भाकरी झाल्यावर काठवट धुतली म्हणजे तें पीठमिश्रित पाणीही जनावरापुढें जाई. भांड्यांचें शेवटचें विसळण बाजूस ठेवून त्यानेंच दुसऱ्या दिवशींच्या भांड्यांचा पहिला हात करावयाचा. म्हणजे एका घागरीस घरांत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत जावें लागे, आणि अगदीं शेवटच्या पायरीवर राखेचें पाणी झाडास मिळे. राखेंत पालाशाचे क्षार असतात आणि ते वनस्पतीस उपयोगी पडतात, हें रसायनशास्त्र त्या बायकांस कोणीं शिकविलें नव्हतें. परंतु मोरीवरची केळ जोमानें वाढते एवढें त्यांनीं पाहिलें होतें.

या काटकसरीचें कौतुक करीत असतां एक गोष्ट मात्र झांकून ठेवतां कामा नये. ती काटकसर हौसेची नव्हती, आणि तिचा भार सर्वांवर सारखा नव्हता. पाणी आणणें हें बायकांचें काम. उन्हाळ्यांत विहिरींनीं तळ गांठला म्हणजे नदीच्या वाळूंत झरा उकरावयाचा आणि वाटीवाटीनें घागर भरावयाची. घागर भरेपर्यंत मागल्या बाईनें उन्हांत उभें राहावयाचें. त्याहूनही कठोर गोष्ट ही कीं, पहिलें तोंड सर्वांस खुलें नव्हतें. अस्पृश्य मानलेल्या घरांतील बाईस गांवच्या विहिरीवर दोर सोडण्याची मुभा नसे. कोणी वरून ओंजळींत किंवा मडक्यांत ओतील तेव्हां तिचें पाणी. मुंबई कायदेकौन्सिलांत सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ सालीं मंजूर झाला, आणि १९२७ च्या मार्च महिन्यांत डॉ. आंबेडकरांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन त्या ठरावास अर्थ आणला. याच आटपाडींत १९२१ सालीं जन्मलेले शंकरराव खरात पुढें कुलगुरूपदापर्यंत चढले. परंतु त्यांचें 'तराळ-अंतराळ' हें आत्मचरित्र ज्यांनीं वाचलें आहे त्यांस त्या काळच्या गांवगाड्यांत तराळकी करणाऱ्या माणसाचें जिणें काय होतें हें निराळें सांगावयास नको. तेव्हां मोरीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे पाण्याबरोबर पाण्यास शिवण्याच्या अधिकाराचाही इतिहास लिहावयाचा, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे.

पाणी घरांत आणण्याची आणि घराबाहेर काढण्याची विद्या भारतवर्षांत फार जुनी आहे. मोहेंजोदारो येथील उत्खनन १९२२ सालीं सुरू झालें आणि चार-साडेचार हजार वर्षांपूर्वींचीं घरें उजेडांत आलीं. त्यांत पक्क्या विटांच्या न्हाण्या निघाल्या. त्यांचा उतार एका कोपऱ्याकडे काढलेला, आणि तेथून पाणी गल्लींतल्या झांकलेल्या गटारास जोडलेलें. त्या लोकांच्या राजांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, त्यांची लिपीही अद्याप सर्वमान्य रीतीनें वाचली गेलेली नाहीं. परंतु त्यांची मोरी कोणत्या बाजूस उतरत होती हें मात्र बोट ठेवून दाखवितां येतें. इतिहासाची ही मौज आहे खरी!

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर कान्हेरीच्या डोंगरावर बौद्ध भिक्षूंनीं जी व्यवस्था केली तिच्याकडे पाहावें. लेण्यांच्या पुढें खडकांत टांकीं खोदलेलीं, आणि डोंगरावरून वाहणारें पावसाचें पाणी त्यांत आणण्यासाठीं खडकांतच पन्हळी कोरलेल्या. तेथील ब्राह्मी लेखांत या टांक्यांस 'पोढी' म्हटलें असून तीं दान करणाऱ्या उपासकांचीं नांवेंही दिलीं आहेत. पुढें अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानें पुण्यांत खेळविण्यांत आलें. यंत्र नाहीं, उपसा नाहीं. केवळ उताराच्या बळावर तें पाणी शहरांतल्या हौदांत पडे. औरंगाबादेस मलिक अंबरानें त्यापूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें अशीच नहर आणली होती. पोढीचा दाता, कात्रजचा पेशवा, नहरेचा मलिक अंबर, सर्वांचीं नांवें इतिहासांत आहेत. मात्र त्या हौदांवर धुतलेल्या भांड्यांचें पाणी ज्या गटारांतून ओढ्याकडे गेलें तें गटार बांधणारास कोणी शिलालेख कोरला नाहीं. आमच्या म्हणण्यास याहून स्पष्ट पुरावा तो कोणता?

मोरीनें एका बाबतींत मात्र आपलें नांव टिकवून ठेवलें आहे, आणि तेंही अनपेक्षित ठिकाणीं. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ सालीं लंडन येथें वांकड्या नळीचें एक पेटंट घेतलें. नळीच्या वांकणांत थोडें पाणी साचून राहतें, आणि गटारांतील दुर्गंधी त्या पाण्याच्या पडद्यास अडून घरांत येत नाहीं, एवढीच ती युक्ति. तिच्यावांचून सिंक घराच्या आंत येऊंच शकलें नसतें. हिंदुस्थानांत अशी वांकडी नळी जेव्हां न्हाणीच्या फरशींत बसविली गेली, तेव्हां तिचें नांव पडलें 'नहाणी ट्रॅप'. आणि आजही देशभरचे नळकाम करणारे, अगदीं इंग्रजींतील नकाशांवरसुद्धां, हेंच नांव वापरतात. राज्यकारभारांतले आमचे किती शब्द इंग्रजींत गेले तें कोशकार सांगोत. पण आमच्या न्हाणीनें इंजिनियरांच्या इंग्रजींत घर केलें आहे.

मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं नळानें आलें, आणि तेथून मोरीच्या स्थानांतराचा नवा अध्याय सुरू होतो. चाळींत प्रत्येकाच्या वांट्यास परडें कोठून येणार? परड्यांतील मोरी खोलीच्या कोपऱ्यांत आली. तिची धोंड गेली, शहाबादी फरशी आली. पण बाई अजून उकिडवी बसूनच भांडीं घाशी. पुढें विसाव्या शतकांत उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा शहरांतून रूढ झाला, आणि चुलीच्या जागीं उंचावर शेगडी आल्याबरोबर मोरीसही वर चढावें लागलें. प्रथम कडाप्प्याच्या दगडाची कुंडी, मग चिनी मातीची, आणि शेवटीं न गंजणाऱ्या पोलादाची. या पोलादाचा शोध शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें १९१३ सालीं लावला.

मोरी दोन-अडीच फूट वर चढली ही गोष्ट लहान नाहीं. तिनें बाईचा कणा सरळ केला. शतकानुशतकें वांकून आणि उकिडवें बसून केलेलें काम ताठ उभें राहून करतां येऊं लागलें. कित्येक घरांत पुरुषानेंही भांड्यास हात लावण्यास प्रारंभ केला, तो मोरी वर आल्यावर. मग त्याचें कारण समतेची जाणीव असो कीं केवळ उंचीची सोय असो. परंतु याच चढण्यानें एक हानिही झाली. जमिनीवरच्या मोरींत पाणी डोळ्यांदेखत वाहत जाई. किती सांडलें, कोठें गेलें, चारी तुंबली कीं काय, हें बाईस बसल्या जागीं दिसे. सिंकाच्या भोंकांतून पाणी नळींत शिरलें कीं तें दृष्टीआड झालें. आणि दृष्टीआड झालें तें हिशेबाआड झालें.

आटपाडीस हा अध्याय उशिरां पोंचला, आणि तो निराळ्या वाटेनें पोंचला. आटपाडी हा औंध संस्थानाचा एक महाल. अवघ्या ७२ गांवांचें हें संस्थान तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें होतें. पण १९३९ सालीं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें प्रजेच्या हातीं राज्यकारभार दिला आणि ग्रामपंचायतींच्या पायावर घटना उभारली. या कामीं राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन हे अग्रेसर होते. त्याच सुमारास आटपाडीनजीकच्या उजाड माळावर स्वतंत्रपूर नांवाची वसाहत निघाली. जन्मठेपेच्या कैद्यांस भिंतींवांचून, पहाऱ्यावांचून, शेतीच्या कष्टावर माणसांत आणण्याचा तो प्रयोग होता; त्यावरूनच पुढें ग. दि. माडगूळकरांची कथा घेऊन व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. ज्या माळावर गवताचें पातें टिकत नव्हतें तेथें भाजी पिकविणाऱ्या त्या कैद्यांस पाण्याच्या थेंबाचें मोल वेगळें शिकवावें लागलें नसेल. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पुढल्या वर्षीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यांत आली, आणि त्या जिल्ह्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. राज्य बदललें, जिल्हा बदलला, जिल्ह्याचें नांवही बदललें. घागर मात्र त्याच डोक्यावर राहिली.

पाणी जवळून जातें पण आपल्या दारीं येत नाहीं, हा तर माणदेशाचा जुना अनुभव. आटपाडीच्या उत्तरेस म्हसवडनजीक राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत लोकांस काम देण्यासाठीं त्याचें बांधकाम निघालें. पण त्याचे कालवे खालच्या अंगास, सोलापूरकडील जमिनीस गेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या १९५५ सालच्या कादंबरींत अखेर दुष्काळ येतो आणि अवघी वाडी उठून जाते. तो शेवट कल्पनेचा नव्हे; या मुलखांतील कोणत्याही म्हाताऱ्यास तो आपल्याच घरचा वाटेल. १९७२ च्या दुष्काळानें पुन्हा तेंच चित्र दाखविलें. शेवटीं १९९३ सालीं आटपाडींत पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या त्या चळवळीनें दुष्काळी तालुक्यांच्या वतीनें दोन मागण्या केल्या. कृष्णेचें पाणी आम्हांस द्या, ही एक. आणि तें सर्वांस समन्यायानें वांटून द्या, ही दुसरी. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचें पाणी उचलून पूर्वेकडे नेणारी योजना १९९६ सालीं हातीं घेण्यांत आली, आणि कित्येक वर्षांच्या खोळंब्यानंतर तें पाणी टप्प्याटप्प्यानें माणदेशांत उतरलें. डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पिण्याच्या पाण्याचे नळही आले. सरकारच्या २०१९ च्या जलजीवन योजनेनें खेड्यांतील दर माणशीं दिवसास ५५ लिटर हें प्रमाण ठरविलें आहे.

आतां हिशेब करूं. पांच माणसांच्या घरास दिवसाचें पाणी झालें २७५ लिटर. पंधरा लिटरांची घागर धरली तर अठरा खेपांहूनही अधिक. ज्या आजीनें हयातभर घागरी वाहिल्या तिला विचारावें कीं अठरा खेपा म्हणजे काय! त्यांतलें पिण्याचें आणि अन्नांत जिरणारें पाणी फारच थोडें. बाकी सर्व न्हाणी, मोरी अथवा शौचकूप यांच्या वाटेनें घराबाहेर पडतें. शिवाय टेंभूचें पाणी कात्रजसारखें उतारानें आपण होऊन आलेलें नाहीं. प्रचंड पंपांनीं, विजेच्या बळावर, तें टप्प्याटप्प्यानें चढविलेलें आहे. पूर्वीं घागर बाईच्या डोक्यावर होती, आज ती यंत्राच्या डोक्यावर आहे. वजन कमी झालेलें नाहीं. आणि असें चढवून आणलेलें पाणी परड्यांतल्या नव्या सिंकांतून एकदां फिरून रस्त्याकडेच्या उघड्या गटारांत जात असेल, तर जें मिळविण्यास इतकीं वर्षें झगडावें लागलें त्याचा शेवट डांसांच्या पैदाशींत झाला असें म्हणावें लागेल.

यावर कोणी म्हणेल, मग काय पुन्हा धोंडीवर उकिडवें बसावयाचें? मुळींच नाहीं. जुन्या मोरीचे दोषही आम्ही जाणतों. चारी तुंबली कीं डबकें होई, आणि डबक्यावरचा डांस हिंवतापाचा वाहक आहे हें रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस १८९७ सालीं सिद्ध केल्यापासून त्या डबक्याचें समर्थन कोणासही करतां येणार नाहीं. सिंक अवश्य बसवावें. पहिलें तोंड नव्या विद्येचें असावें. पण दुसरें तोंड जुन्या विद्येचें ठेवून त्यास नव्या विद्येनें सुधारावें, इतकाच आमचा आग्रह आहे.

हें कसें साधेल तेंही सांगतों. कारण केवळ उपदेश करून थांबणें बरें नव्हे. बाहेरच्या चुलीजवळचें सिंक आणि घरांतलें सिंक यांत फरक आहे. बाहेर राख असते, माती असते. आणि हीं दोन्ही त्या वांकड्या नळीच्या वांकणांत बसून ती बंद पाडतात. दुसरें असें कीं, बाहेरची चूल रोज पेटतेच असें नाहीं. चैत्रवैशाखांत आठ-पंधरा दिवस सिंक न वापरलें तर वांकणांतला पाण्याचा पडदा उन्हानें आटून जातो, आणि गटाराशीं जोडलेली नळी असेल तर दुर्गंधी व झुरळें सरळ वर येतात. म्हणून बाहेरच्या सिंकाची नळी गटारास जोडूंच नये. ती एका लहान चौकोनी कुंडीवर उघडी सोडावी. कुंडींत राख आणि खरकटें तळाशीं बसतें, तें आठवड्यास काढून खतांत टाकावें. वरचें निवळ पाणी चाळीस फुटांस एक फूट अशा उतारानें झाडांच्या मुळांशीं न्यावें. केळ, नारळ, कर्दळ यांस तें चालतें. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीस देऊं नये. साबणाचें पाणी एकाच वाफ्यांत सदोदित सोडलें तर जमीन चोपण होण्याचा संभव असतो, म्हणून दोन वाफे करून आळीपाळीनें सोडावें. जागा नसेल तर दगडगोट्यांनीं भरलेला शोषखड्डा खणावा. पाणी डोळ्यांआड जमिनींत मुरेल, डबकें होणार नाहीं. मात्र खड्डा भिंतीच्या पायापासून व पिण्याच्या विहिरीपासून दूर हवा. मातीच्या भिंतीनें शिकविलेला तो जुना नियम सिमेंटच्या घरासही लागू आहे.

यांत नवें असें कांहींच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. संत गाडगेबाबांच्या नांवानें निघालेल्या ग्रामस्वच्छता अभियानांत शोषखड्डे आणि परसबागा यांचा पुरस्कार गांवोगांव झाला आणि कित्येक गांवांनीं तो आचरणांतही आणला. अडचण ज्ञानाची नाहीं, सन्मानाची आहे. नळ आला म्हणजे गांवांत पेढे वांटले जातात, टांकीवर देणगीदाराचें नांव रंगविलें जातें; शोषखड्डा खणला म्हणून कोणाचा सत्कार झालेला आम्हांस ठाऊक नाहीं. कान्हेरीच्या पोढीपासून हीच तऱ्हा आहे. येणाऱ्या पाण्यास दाता असतो, आणि जाणाऱ्या पाण्यास वाली नसतो.

भूगोलाची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. आटपाडीचें पाणी माणेस मिळतें, माण भीमेस मिळते, आणि भीमा दूर रायचूरजवळ कृष्णेस जाऊन मिळते. म्हणजे टेंभूस ज्या कृष्णेतून तें पाणी उचललें, त्याच कृष्णेकडे तें अखेर चाललेलें असतें. मधल्या वाटेवर क्षणभर तें आपल्या परड्यांत थांबतें, एवढाच आपला त्यावर हक्क. त्या क्षणांत त्यानें आपलीं भांडीं स्वच्छ केलीं, एका केळीचें मूळ भिजविलें आणि खालच्या गांवास घाण न नेतां जमिनींतून पाझरत पुढें गेलें, तर तें सांडलें असें कोणी म्हणूं नये. समन्यायी वांटपाची जी मागणी या गांवानें सरकारपाशीं केली, तिचा अखेरचा हप्ता सरकारनें द्यावयाचा नसून घरोघरच्या मोरीनें द्यावयाचा आहे. घरांत नवें सिंक बसवितांना गवंडी विचारील, 'नळ कोणत्या बाजूस काढूं?' त्याचें उत्तर देऊन झाल्यावर घरच्या माणसांनीं आपण होऊन दुसरा प्रश्न विचारावा, 'आणि पाणी कोणत्या बाजूस सोडाल?' हा दुसरा प्रश्न आमच्या इतिहासानें आजवर विचारला नाहीं. आटपाडीकरांनीं तो विचारण्यास प्रारंभ केला तर इतिहासाचें एक कोरें पान भरूं लागेल.